आवाज बंद ठेवून पाहिलेल्या पाच मुली

आधीच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे पेन लागतं ते फॉर्म भरायला. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरं की वाईट हे सांगणारं मागे कोणी नाही. त्यात विषय असा, की वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची मुलं बाक वाजवून हसली. एक जपानी कार्टून, शाळकरी मुलींचं. वीस वर्षांच्या पोरानं यावर लिहू नये, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण माझ्या बहिणीचा डावा कान त्यात आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण रडकं लिहू नको, आणि माझं नाव टाकू नको." दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो.

आमची वस्ती चौक आणि खोपोलीच्या मध्ये, जुन्या हायवेला लागून आहे. मी आठ वर्षांचा होतो, ताई दहाची. शाळा सकाळची. दुपारी दीड वाजता ते कार्टून हिंदीत लागायचं. त्यात पाच मुली होत्या. निळा स्कर्ट, गळ्याला रिबिन, शाळेला रोज उशीर. शहरात राक्षस आला, की या मुली कुठल्या तरी गल्लीत जाऊन हातातली कांडी वर धरायच्या, मंत्र म्हणायच्या आणि गिरक्या घ्यायच्या. गणवेश विरघळायचा आणि त्याजागी चकाकणारा पोशाख यायचा. मग मारामारी.

लोकांना वाटतं, मुलींचं कार्टून म्हणजे फुलं आणि फुलपाखरं असतील. तसं नव्हतं. त्या मुली खूप मार खायच्या. भिंतीवर आपटायच्या, पुलावरून पडायच्या, गुडघे फुटायचे. आणि मग उठून राक्षसाच्या तोंडावर लाथ घालायच्या. मार खाऊन उठणं आमच्या ओळखीचं होतं. उलटी लाथ घालणं नव्हतं.

हे सगळं आम्ही आवाज बंद ठेवून पाहायचो. पप्पा खोपोलीच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी येऊन जेवायचे आणि दुपारी चारपर्यंत झोपायचे. घर एका खोलीचं. पप्पांची झोप इतकी हलकी, की भांड्यावर भांडं लागलं तरी ते उठायचे, आणि उठले की आधी हात चालायचा, मग विचारायचे कोण ते. आईनं रिमोटवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, आवाज वाढवायच्या बटणावर. म्हणून त्या पाच मुली काय बोलतात ते आम्हाला कधीच कळलं नाही. ताई पाचही जणींचं बोलणं स्वतः रचायची आणि माझ्या कानात कुजबुजायची. लाल मुलीचं घोगऱ्या आवाजात, पिवळीचं नाकात. मंत्रही तिनंच केला होता. आमच्या दारातून डोंगरावरून उतरणारे वीजघराचे जाड पाइप दिसतात. ते बघून तिनं रचलं: "वर पाणी, खाली वीज, मधली सगळी ताकद माझी!"

मला तो मंत्र खराच वाटायचा. त्या मुली हेच म्हणतात, अशी माझी खात्री होती.

एक गोष्ट मात्र आवाजाशिवायही कळायची. मुली गिरक्या घेत असताना राक्षस थांबायचा. पंजा वर उचललेला, तोंड उघडं, पण मारायचा नाही. तिसरी गिरकी संपली, पोशाख पुरा झाला, की मगच.

"का थांबतो गं तो?" मी विचारलं होतं.

"थांबला नाय तर तो राक्षस पण नाय," ताई म्हणाली. "मग नुसता गुंड."

हा नियम आम्ही खेळात घेतला. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागं गॅरेजची पडीक जागा होती, तिथं आमची लढाई चालायची. मुली म्हणजे त्या पाच जणी, आम्ही पोरं राक्षस. खेळ म्हणतोय, पण तो खेळ नव्हता. राक्षसांच्या हातात टायरच्या ट्यूबचे कापलेले पट्टे असायचे. ते पोटरीवर बसले की आधी काही वाटत नाही, मग आग होते. मुलींकडे मुठीत माती, ती डोळ्यांत फेकायला. एकीनं एकाच्या दंडाला इतका चावा घेतला होता, की दातांचे व्रण आठवडाभर मोजता येत होते. रक्त आलं तर मातीच लावायची आणि पुन्हा उभं राहायचं. घरी सांगायचं नाही, कारण घरी सांगितलं की घरचाही मार. शाळेत गुरुजी लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे, घरी पप्पांचा पट्टा होता, आणि आईला पप्पा मारायचे ते हातानंच. आमच्या आसपास थांबणारं कोणीच नव्हतं. थांबायचा नियम होता तो फक्त विहाराच्या मागं.

ताईची कांडी म्हणजे ट्रकच्या गियरची मूठ होती. काचेसारख्या प्लास्टिकची, आत लाल गुलाब असलेली. गॅरेजच्या भंगारात तिला मिळाली होती, खाली वीतभर लोखंडी दांडा तसाच. ती मूठ वर गेली की आम्ही सगळे राक्षस हातातले पट्टे वर धरून जागच्या जागी उभे. तिनं सावकाश तीन गिरक्या घ्यायच्या. एकदा एका राक्षसाच्या पायावर मुंगळा चढला, तो चावत होता, तरी तो हलला नाही. इतकं आम्ही पाळायचो.

आणि एकदा ते घरातही चाललं. पावसाळा संपत आला होता. माझ्या हातून पाण्याची कळशी पडली आणि पप्पा उठले. पट्टा खुंटीवरून काढला. मी कोपऱ्यात. ताई मध्ये आली, तिनं मूठ वर धरली आणि म्हणाली, "वर पाणी, खाली वीज!" आणि गिरकी घेतली. पप्पांचा हात वरच राहिला. ती दुसरी गिरकी फिरली, तिसरी फिरली, मग पाय फाकून त्यांच्यासमोर उभी राहिली. पप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले. खाटेवर बसले, पट्टा मांडीवर, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काय गं हे? कुठं शिकलीस?"

"असंच."

"परत कर बघू."

तिनं परत केलं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी कोणाला मार बसला नाही. मला वाटतं, आमची चूक त्या दिवशी झाली. पप्पांनाही हा नियम लागू आहे, असं आम्ही दोघं धरून चाललो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी गॅरेजवाल्याच्या मोठ्या मुलानं खेळ मोडला. तो आमच्याहून तीन वर्षांनी मोठा, राक्षसांचा मुख्य. त्या दिवशी ताईसमोर मी होतो. तिनं मूठ वर केली, मंत्र म्हणाली, आणि तो मागून ओरडला, "ए, खोटाय तो मंत्र! टीव्हीत असं काय बोलतच नायत."

ताई एक गिरकी घेऊन झाली होती. फिरत फिरतच म्हणाली, "तुला काय म्हाईत?"

"आमच्या टीव्हीला आवाज हाय. तुमचा टीव्ही मुका, तुमी मुके." सगळी पोरं फिदीफिदी हसली. मग तो मला म्हणाला, "मार रं. मंत्रच खोटा तर थांबतोस कशाला? का बहिणीला भितोस?"

मी मारलं. हे मला सरळ लिहायचं आहे. ती दुसऱ्या गिरकीत होती, पाठ माझ्याकडे, आणि मी ट्यूबचा पट्टा पूर्ण ताकदीनं घातला. तो तिच्या डाव्या गालापासून मानेपर्यंत बसला. आवाज ओल्या कपड्यासारखा आला. ती थांबली नाही. तिसरी गिरकी तिनं पुरी केली, अगदी सावकाश. मग माझ्यासमोर आली आणि गियरची मूठ माझ्या तोंडावर मारली. माझा पुढचा दात तुटला. मी पडलो तेव्हा ती माझ्या छातीवर बसली आणि मारत राहिली, रडत रडत. बाकीच्या मुलींनी तिला ओढून काढलं. माझ्या तोंडात रक्त आणि माती होती.

"तू राक्षस पण नायस," ती म्हणाली.

घरी आम्ही सांगितलं की सायकलवरून पडलो. आईला पटलं नाही, पण तिनं विचारलं नाही. ताईच्या गालावर जांभळी रेघ उठली होती. रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपली. सकाळी शाळेच्या वाटेवर म्हणाली, "आज आवाज लावायचा. एकदाच. त्या काय म्हणतात ते ऐकायचं. मंत्र खरा निघाला तर तू त्या गॅरेजवाल्याच्या पोराला सगळ्यांसमोर सांगायचं."

"आणि खोटा निघाला तर?"

"तर मी सांगीन."

दुपारी दीडला आई नळावर पाणी भरायला गेली होती. पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी रिमोट घेतला आणि चिकटपट्टी काढली. ताई टीव्हीच्या अगदी जवळ बसली, मूठ हातात घेऊन. लाल मुलगी गल्लीत पळाली, कांडी वर गेली. ताईनं मला मान हलवून खूण केली. मी बटण दाबलं. एकदाच दाबायचं होतं, पण ते वापरात नसल्यामुळे आत जाऊन अडकलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघा एकामागून एक वाढत गेल्या. खोलीत संगीत फुटलं आणि एक मुलगी किंचाळल्यासारखी काहीतरी म्हणाली. एक शब्द, फार तर दोन. काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण तोपर्यंत पप्पा उठले होते.

ते माझ्याकडे आले, कारण रिमोट माझ्या हातात होता. ताई मध्ये आली. मूठ वर. "वर पाणी—" आणि ती फिरली. मी पप्पांच्या हाताकडे बघत होतो. तो वर गेला, आणि मला खरंच वाटलं की थांबेल.

दुसऱ्या गिरकीत तिचा डावा कान त्यांच्याकडे आला, आणि त्यांनी उघड्या पंजानं मारलं. त्या आवाजावरून मला माझा पट्टा आठवला, पण हा आवाज जास्त पोकळ होता. ती शोकेसवर आपटली, काच खळकन तुटली. ती उठायला लागली, पण तिला उभं राहता येत नव्हतं, एका बाजूला झुकत होती. पप्पांनी तिला दंडाला धरून उभं केलं आणि आणखी दोन मारल्या. टीव्ही चालूच होता, पूर्ण आवाजात. आई दारात आली तर कळशी हातातून घेऊन तिच्याच खांद्यावर घातली. मग मला. मी किती मार खाल्ला ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की रिमोट भिंतीवर फुटला आणि त्याचे सेल माझ्या पायाशी घरंगळत आले. ताईच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली होती, कालच्या जांभळ्या रेघेला जाऊन मिळाली होती.

दवाखान्यात जायच्या आधी पप्पांनी तोंड धुतलं, शर्ट बदलला. डॉक्टरांनी बॅटरीनं कानात बघितलं आणि म्हणाले, पडदा फाटलाय. कसं झालं?

"खेळताना," पप्पा म्हणाले. "यानं मारलं. भाऊ हाय." आणि त्यांनी तिच्या गालावरची रेघ दाखवली. ती रेघ खरी होती. माझा तुटलेला दातही खरा होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय रे, बहिणीला असं मारतात?"

मी आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, "चुकलं."

पप्पांनी डॉक्टरांसमोर माझ्या डोक्यात एक टपली मारली. "अक्कल नाय पोराला," म्हणाले.

ही गोष्ट मग घरातच राहायला आली. पाहुणे आले की पप्पा सांगायचे, "हा बघा आमचा पैलवान, बहिणीचा कान फोडणारा." मामा हसायचे, माझे गाल ओढायचे. ताई काही बोलायची नाही. मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढे मीच सांगायला लागलो. अकरावीत मित्रांना सांगितलं, लहानपणी माझ्या हातून असं झालं. सांगताना खोटं वाटायचंही नाही. पट्टा मी मारला होता, तोही नियम मोडून. चिकटपट्टी मी काढली होती. पप्पांचा हात फक्त शेवटी आला, असं मी मनात लावून घेतलं होतं.

ताईचा कान हळूहळू भरला, पण पूर्ण नाही. ती माणसांना आपल्या उजव्या बाजूला ठेवायची. रस्त्यानं चालताना मी आपोआप तिच्या उजवीकडे असतो, अजूनही.

बारावीनंतर तिनं कॉलेज घेतलं नाही. "तू जा," म्हणाली, "मी पोलीस भरतीचं करते." पहाटे ती जुन्या हायवेच्या कडेनं पळायची. गोळाफेकीचा गोळा मिळेपर्यंत तिनं गॅरेजमागच्या पडीक जागेत दगड फेकून सराव केला. जिथं आम्ही पट्ट्यांनी एकमेकांना मारलं, तिथंच. दोन वर्षं ती मैदानी चाचणीत पास झाली नाही. तिसऱ्या वर्षी मैदान निघालं, लेखी निघाली, यादीत नंबर आला. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. आणि तीत कान तपासतात.

त्या आठवड्यात मला कर्जतला कॉलेजात काहीच सुचत नव्हतं. तिची तीन वर्षांची पळापळ एका कानावर येऊन थांबली होती, आणि त्या कानाचा अपराधी मी होतो. तसं सगळ्यांना ठाऊक होतं.

पप्पा आता घरीच असतात. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. टीव्ही इतका मोठा लावतात, की शेजारी भिंत ठोकतात. आदल्या दिवशी त्यांनी ताईला समोर बसवलं.

"डॉक्टर विचारील, कसं झालं म्हणून. सांग, ल्हानपणी भावानं मारलं. खेळताना."

ताई चपला पुसत होती. "कशाला विचारील?"

"विचारतात. पोलिसात घ्यायचं म्हटल्यावर घर कसं हाय ते बघतात. उगाच घराचं नाव नको." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रं? तुझी काय हरकत?"

"माझी काय हरकत?" मी म्हणालो. "माझंच नाव सांग, ताई. तसं पण माझंच हाय."

ताईनं चप्पल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला पट्टा मारल्यावर बघितलं होतं, तसंच. सकाळी पहिल्या गाडीनं जिल्ह्याच्या ठिकाणी गेली.

मी कॉलेज बुडवलं. दुपारचा दीड वाजून गेला. पप्पा खाटेवर, मी दारात. आई तांदूळ निवडत होती, निवडलेलाच पुन्हा निवडत होती. तीनच्या सुमारास फोन वाजला.

"ताईचा," मी म्हणालो.

"स्पीकरवर टाक," पप्पा म्हणाले. "मला ऐकू येत नाय."

मी स्पीकर लावला आणि आवाज पूर्ण वाढवला.

"झाले रं पास," ताई म्हणाली. तिच्यामागे माणसांचा गलका होता. "कान बघितला. पडदा भरून आलाय म्हणाले, खूण हाय पण चालतंय. घेतलं मला."

आई उठली आणि तांदळाचं सूप तसंच हातात घेऊन उभी राहिली.

"कसं झालं म्हणून विचारलं त्यांनी," ताई पुढे म्हणाली. "मी सांगितलं."

"काय म्हणाली ती?" पप्पांनी कानामागं हात धरला. "कानाचं काय म्हणाली? परत सांग म्हणावं."

"पप्पा हायत तिथं?"

"हायत," मी म्हणालो. "स्पीकरवर हायस तू."

मग ताई तोंड फोनच्या अगदी जवळ नेऊन, एकेक शब्द मोठ्यानं म्हणाली, "भावानं नाय मारलं म्हणून सांगितलं. वडिलांनी मारलं. मी दहा वर्षांची होते. त्यांनी कागदावर लिहून घेतलं."